एका कॅड सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेताना

कॅड (संगणकावर वस्तूंचे आरेखन) सॉफ्टवेअरमधून आपण पाठवलेली एसटीएल फाइल समोरच्याला संपादित करता आली नाही, तर यात आपले कौशल्य कमी पडलेले नाही. एसटीएलमध्ये पृष्ठभाग केवळ त्रिकोणांच्या जाळीने मांडलेला असतो, त्यामुळे गोल भोकाचाही बहुकोन होतो. थ्रीडी प्रिंटिंगसाठी ते पुरते. पण भागात पुढे बदल करायचे असतील, तर आयएसओ १०३०३ या मानकातील स्टेप फाइलच द्यावी, कारण तिच्यात वक्र पृष्ठभागांची नेमकी भूमिती टिकते. निर्यात करताना पर्याय विचारला गेल्यास एपी २१४ किंवा एपी २४२ हा स्टेपचा उपप्रकार निवडावा, म्हणजे रंगही सोबत जाऊ शकतात. आयजेस या जुन्या फाइल-प्रकाराची शेवटची आवृत्ती १९९६ सालची आहे. कोणी मुद्दाम मागितल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये.

स्टेपमधून आकार येतो, पण तो घडवतानाची स्केचेस, बंधने (मापांचे व रेषांच्या परस्परसंबंधांचे नियम) आणि फीचर्सचा (भोक, कड यांसारख्या घडणीच्या पायऱ्यांचा) क्रम सहसा येत नाही. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये. सुरुवातीला बहुतेकांची निराशा इथेच होते.

आयात झाल्यावर लगेच पुढील तपासणी करावी :

- माहीत असलेले एक माप मोजावे. एसटीएलमध्ये एककाची नोंद नसते. ५० मिलिमीटरचा ठोकळा ५० इंचांचा, म्हणजे २५.४ पट मोठा, होऊन उघडू शकतो.
- भाग सॉलिड (आतून भरीव, बंदिस्त आकार) म्हणूनच आला आहे, की सुट्या पृष्ठभागांचा संच झाला आहे, हे पाहावे.
- दोन्हीकडील घनफळ ताडून पाहावे.

आयातीच्या टॉलरन्स (किती फरक चालेल त्याची मर्यादा) आणि भूमिती-दुरुस्तीच्या सेटिंग्जना तूर्त हात लावू नये. आधी एखादा साधा, एकच भाग नेऊन पाहावा. असेंब्ली, म्हणजे अनेक भागांची जुळणी, त्यानंतर घ्यावी.