नर्सिंगचे स्टुडंट्स शिकता शिकताच परदेशात जायचं का ठरवतात? फक्त पैशासाठी?

पैसा आहेच हो, नाही कशाला म्हणायचं. पण मी नर्सिंगच्या मुलामुलींना क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, शिकवते, आणि जे बघते त्यावरून पगार हे अर्धंच उत्तर आहे.

पोस्टिंग सुरू झालं की त्यांना वॉर्डात स्वतःचंच पुढचं आयुष्य दिसायला लागतं. नाईटला स्टाफ एक आणि पेशंट इतके की सगळ्यांची औषधं देऊन होईपर्यंत पुढच्या डोसची वेळ झालेली, त्यात नातेवाईकांची बोलणी खायची, रजिस्टरं भरायची, आणि सिस्टर कितीही सिनियर असू दे राऊंडला तिचं मत कुणी विचारत नाही. मग यांना कळतं की कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट द्यायचे ते नियमातच आहे, २००४ पासून लागू, आयसीयूत २ आणि साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आता ५. अमेरिकेत पुढे शिकून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून उपचार ठरवणारी नर्स, झालं तर प्रिस्क्रिप्शनसुद्धा लिहिता येतं. माझ्या मते खरी ओढ याची आहे, आपल्या शब्दाला किंमत असण्याची.

मागणी तर आहेच, डब्ल्यूएचओच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे जगात साधारण ५८ लाख नर्सेस कमी आहेत आणि काम करणाऱ्या दर ७ नर्सेसमधली १ दुसऱ्या देशात जन्मलेली आहे.

शिकतानाच का, तर तयारीला वेळ लागतो म्हणून. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा, यूकेला आयईएलटीएस नाहीतर ओईटी ही इंग्रजीची, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची, आणि तिथे पोचल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, ती पास होऊन रजिस्ट्रेशन होईपर्यंत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करता येत नाही. जर्मनीला तर भाषाच शून्यापासून, साधारण बी२ लेव्हलपर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता-समजता येईल इतकी, आणि ते ड्युटी करून आल्यावर रात्री बसून शिकणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत!

अर्थात तिकडे सगळं गोडच आहे असं नाही, शॉर्टेज तिकडेही आहे आणि नवीन माणसाला नको त्या शिफ्ट मिळतात असं गेलेल्या मुली सांगतात. तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल तर एकच, मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत भरावे लागतील हे कॉन्ट्रॅक्टमध्ये असू शकतं, एजंट कितीही घाई करू दे ते पान वाचल्याशिवाय सही करू नका.