सोनोग्राफीत बाळ मोठं आलंय, सिझरच करावं लागेल का?

प्रश्न : मॅडम, मला ३४वा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन २ किलो ८०० आलं, मोठं वाटतंय म्हणाले. सातव्या महिन्यात ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर १४८ आली होती तेव्हा फक्त गोड कमी करा सांगितलं. सासूबाई रोज डिंकाचा लाडू देतात, बाळ गुटगुटीत हवं म्हणून. मी घाबरून रात्रीचं जेवण बंद केलंय. सिझर होईल का?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आधी आज रात्रीपासून जेवायला लागा. उपाशी राहणं हा शुगरवरचा उपाय नाही.

मला वजनापेक्षा त्या १४८ ची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा त्याच्या वर आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात, नुसतं गोड कमी करा म्हणून सोडायचा आकडा नाही हा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवतं, ती पोटावर आणि खांद्यांवर जास्त, म्हणून डिलिव्हरीत डोकं बाहेर येऊन खांदा अडकायची भीती असते. या आठवड्यातच उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासा, ९५ आणि १२० च्या आत हवी. आहार आणि चालणं करूनही येत नसेल तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतील, त्याला अजिबात घाबरू नका.

ताटात भात-पोळी थोडी कमी, उसळ, दही, भाजी, कोशिंबीर जास्त आणि दिवसातून तीनदा पोटभर खाण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा. लाडू सध्या बंद, त्यात गूळ आणि खारीक दोन्ही असतात. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या, डॉक्टरांकडून ऐकलं की पटतं. आणि गुटगुटीत म्हणजे निरोगी असं नाही, आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी असली तरी त्या मानाने अंगात चरबी जास्त असते.

आता सिझर. सोनोग्राफीतलं वजन म्हणजे डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून काढलेला अंदाज, १०-१५ टक्के इकडे-तिकडे सहज होतो. त्या एका आकड्यावर सिझर ठरत नाही. जन्मताना ४ किलोच्या वर असेल तर मोठं बाळ म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या सूचनेत मधुमेह असताना साडेचार किलोच्या अंदाजाला सिझरचा विचार करा असं आहे, पण तुमची उंची, बांधा, शुगर किती आटोक्यात आहे हे बघूनच तुमच्या डॉक्टर ठरवतील. नवजात बाळांचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल मात्र आत्ताच बघून ठेवा, कारण अशा बाळाची शुगर जन्मल्यावर एकदम उतरू शकते. पहिल्या तासातच अंगावर पाजा आणि बाळाची शुगर तपासायला सांगा.

बाळाची हालचाल कमी वाटली तर व्हिजिटची वाट बघू नका, लगेच जा. आणि डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी स्वतःची ग्लुकोज टेस्ट परत करायची, बाळाच्या गडबडीत हीच राहून जाते.