भावाला महिन्याचे ४०० रुपये मिळतात, संस्थेशी बोलावं का?

तुमचा प्रश्न असा: बौद्धिक दिव्यांग भाऊ एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये दहा ते चार काम करतो, त्याला महिन्याला ४०० रुपये मिळतात, आणि बोललो तर त्याची जागा जाईल अशी आईला भीती वाटते. माझं उत्तर, बोलाच. संस्थेची माणसं कितीही भली असोत, पूर्ण दिवसाच्या कामाचे ४०० रुपये ही लूट आहे.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका स्विचगिअर कंपनीच्या कॉस्टिंगमध्ये नोकरी केली. कोणत्या कामाला किती सेकंद लागतात आणि त्याचे किती पैसे होतात, हेच मी आयुष्यभर पाहिलं. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याच्या वर्कशॉपमध्ये नवरात्राआधी गरब्याची मडकी रंगवतात, दिवाळीला पणत्या, आणि वर्षभर जीआयडीसीतून जॉबवर्क येतं. एका पिशवीत सहा स्क्रू, सहा गिट्ट्या (भिंतीत स्क्रू बसवायला लागतात ते प्लग) भरायच्या आणि पिशवी सील करायची. त्याला तेव्हा महिन्याचे ५०० मिळायचे. सेक्रेटरीसाहेब म्हणायचे, "ताई, यांचा वेग किती कमी असतो तुम्हाला कल्पना नाही."

मग मी रजा काढून स्टॉपवॉच घेऊन त्याच्या शेजारी बसले. तो मोजत नाही, त्याला मोजायची गरजच नाही. तिथल्या शिक्षिकेने लाकडी पाटीला बारा खळगे पाडून घेतलेत. वरच्या ओळीत स्क्रू, खालच्या ओळीत गिट्ट्या. सगळे खळगे भरले की पाटी तिरकी करायची, माल नरसाळ्यातून पिशवीत. मग तो पिशवी उजेडाकडे धरून एकदा बघतो आणि पुढे सरकवतो. एका पिशवीला साधारण २५ सेकंद. आमच्या कंपनीच्या पॅकिंगमधल्या मुलींना १८ लागायचे. म्हणजे तो त्यांच्या ७२ टक्के काम करत होता. पण अख्ख्या हॉलला सीलिंग मशीन एकच, आणि गिट्ट्यांचं पोतं दुपारी उशिरा यायचं. तेवढा वेळ सगळे हात बांधून बसायचे आणि तो वेळ "यांचा वेग कमी" म्हणून यांच्याच नावावर लागायचा. कारखान्यात माल नसला तर आम्ही तो वेळ कामगाराच्या खात्यात कधीच धरला नाही.

आता पैसे. पिशवीमागे ठेकेदार संस्थेला ५० पैसे देत होता. विश्रांतीची सूट धरून तासाला १२० पिशव्या, दिवसाचे निव्वळ कामाचे चारच तास धरले तरी २४० रुपये होतात. महिन्याचे २४ दिवस धरा, ५,७६० रुपये. हातात ५००.

हा कागद मी कमिटीपुढे ठेवला. उत्तर मिळालं की व्हॅन आहे, भाडं आहे, शिक्षकांचे पगार आहेत, ही सेवा आहे. असेल. सेवेसाठी देणग्या घ्या, अनुदान मागा. माझ्या भावाच्या पिशवीतून व्हॅनचं डिझेल का भरायचं? दुसरं म्हणे, हे कामगार नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत. दहा वर्षांहून जास्त काळ त्याच पिशवीचं प्रशिक्षण?

तेव्हा १९४८ चा किमान वेतन कायदा चालू होता. त्याच्या कलम २६ प्रमाणे दिव्यांग कामगारांच्या वेतनाला सूट देता यायची, पण ती सरकारने आदेश काढून द्यायची होती, संस्थेने आपल्या मनाने घ्यायची नव्हती. मी आदेशाची प्रत मागितली. नव्हती. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने दिव्यांगांना कमी वेतन द्यायची मुभा ठेवली, मला ती मान्य नाही, पण तिथेसुद्धा तासाने पगार असेल तर दर सहा महिन्यांनी कामाचं मोजमाप करावं लागतं. आपल्याकडे अंदाजपंचे ४००.

आणि हा खटला लक्षात ठेवा: संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार, १९८३. दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्यांना किमान मजुरीपेक्षा कमी देत होते. सरकारचं म्हणणं, ही तर मदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या असहायतेचा फायदा घेऊन कमी मजुरी देता येणार नाही. हा निकाल वर्कशॉपवरचा नाही, पण "जागा दिली हेच खूप" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाचून दाखवते.

आमच्या घरी असं म्हणणारा माझा मोठा भाऊ. "त्याला पैसे काय करायचेत? खायला-प्यायला आपण देतोच ना." दादा, तुलाही वहिनी जेवायला वाढते, म्हणून तू पगार सोडलास का? कमिटीने शेवटी जॉबवर्कला नगावर दर लावला (पणत्यांचं अजून जुनंच आहे), आणि मी धाकट्याचं खातं त्याच्या नावावर उघडायला लावलं. आता शनिवारी आम्ही सेव-उसळ खायला जातो तेव्हा पैसे तो देतो. नोट पुढे करतो, सुटे परत घेतो, एक एक नाणं बघून खिशात टाकतो. त्याला पैसे काय करायचेत, ते हे.

तुम्ही संस्थेला दोन गोष्टी लेखी विचारा: ठेकेदार नगामागे किती देतो, आणि त्यातले भावाला किती मिळतात. आता २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आहे, तेव्हा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी तिच्याखाली करा. माझ्या मते पूर्ण किमान वेतनच मिळायला हवं, पण सुरुवात मोजलेल्या कामापासून करा, आकडा कोणाला नाकारता येत नाही. एकटे जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा, मग कोणा एकाची जागा काढणं अवघड होतं.

हेही सांगते की हॉलमधल्या सगळ्यांचं काम ७२ टक्क्यांवर नसतं. काहींना तिथे नुसतं बसणं, माणसांत असणं हेच हवं असतं. त्यांच्यासाठी ते दिवसाचं केंद्र आहे असं सरळ म्हणावं, आणि त्यांनी केलेली वस्तू विकली तर तिचे पैसे त्यांना द्यावेत.

पैसे सुरू झाले की घरातून कोणीतरी म्हणेलच, "पासबुक माझ्याकडे राहू दे." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ आपले आर्थिक व्यवहार आपण बघण्याचा हक्क त्यालाही देतं. तुमच्या घरी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली (बौद्धिक दिव्यांगांसाठीही असलेला कायदा) कायदेशीर पालकत्व, म्हणजे गार्डियनशिप, घेतलेलं असेल आणि मालमत्तेची काळजी पालकाकडे असेल, तर कलम १६ वाचा. आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत पालकाने हिशेब सादर करायचा असतो. आमच्याकडे पालकत्वाचा कागद दादाच्या नावावर आहे. त्याने तो हिशेब एकदाही दिलेला नाही, आणि मी दर वर्षी मागते.