सिस्टमडी फ्रीबीएसडीवर का चालत नाही? सगळ्या कर्नलवर चालेल असं एकच इनिट का लिहीत नाहीत?

लिहिणाऱ्यांना ते तिकडे चालवायचंच नव्हतं म्हणून. (इनिट म्हणजे मशीन चालू होताना आधी उठून बाकीच्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्राम. सिस्टमडी हे लिनक्सचं इनिट, आणि फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच, पण वेगळ्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, ऑपरेटिंग सिस्टम.) 2010 मध्ये लेनार्ट पोटरिंगने सिस्टमडी जाहीर केलं तेच लिनक्सच्या सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सोयीच्या, भरवशावर. सर्व्हिसने किती पोरं (चाइल्ड प्रोसेस) काढली, त्यातली कुठली आईबापाला सोडून पळाली, हा हिशोब तिथे कर्नल ठेवतो. फ्रीबीएसडीत सीग्रुप नाही.

पण "एकच का लिहीत नाहीत" हे वाक्य मी एका जुन्या ऑफिसात इतकं ऐकलंय की आता राहवत नाही.

आमच्याकडे पाच सर्व्हर लिनक्सचे, एक फ्रीबीएसडीचा. सरांचा हट्ट, की चालू-बंदची स्क्रिप्ट सगळीकडे एकच हवी. लिहिली बापडी. पीआयडी फाइलमधला प्रोसेसचा नंबर घ्यायचा, प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी फाइल सिस्टम) त्या नंबरची डिरेक्टरी आहे का बघायचं, नसेल तर वर्कर, म्हणजे काम करणारी प्रोसेस, मेला समजून नवा उठवायचा. हे सगळं क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, दर पाच मिनिटांनी. लिनक्सवर दोन महिने काही तक्रार नाही. मग एका शुक्रवारी रात्री अकराला फ्रीबीएसडीवर चढवली आणि घरी जाऊन झोपलो.

फ्रीबीएसडीवर प्रॉक मुळात माउंटच केलेलं नसतं. म्हणजे स्क्रिप्टच्या लेखी वर्कर दर पाच मिनिटांनी मरत होता. सकाळी सातला फोन. पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) मारलं तर एकाच वर्करच्या नव्वदच्या वर प्रती, स्वॅप तुडुंब, आणि पीआयडी फाइलमध्ये फक्त शेवटच्या पोराचा नंबर.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोर्टेबल कोड लिहायला शिक."

किल कमांडने शून्य सिग्नल पाठवून (त्याने प्रोसेस मरत नाही, आहे की नाही तेवढं कळतं) तपासलं असतं तर दोन्हीकडे चाललं असतं, मान्य. पण फ्रीबीएसडीच्या आरसी.सबरमध्ये, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करायच्या तयार शेल फंक्शनांच्या फाइलमध्ये, हे काम आधीच करून ठेवलंय. ते पीएसला विचारून नंबरही बघतं आणि प्रोसेसचं नावही. स्क्रिप्टमध्ये वर प्रोव्हाइड, रिक्वायर (ही सर्व्हिस कोणती, आधी काय चालू हवं) लिहायचं, खाली दहा ओळी, झालं. ते सोडून मी तिथे लिनक्सचं बिऱ्हाड थाटत बसलो, कशासाठी? तर फाइल एक राहावी म्हणून.

प्रोग्राम पोर्टेबल असावा. त्याला उठवणारा त्या घरचाच असावा. ॲपलचं सर्व्हिस उठवणारं लाँचडी मॅकच्या माख (Mach) पोर्टांवर, म्हणजे तिथल्या कर्नलच्या निरोप पोचवायच्या सोयीवर, उभं आहे; सोलारिस 10 या ऑपरेटिंग सिस्टमचं तसलंच एसएमएफ तिथल्या कर्नलच्या काँट्रॅक्टवर, म्हणजे प्रोसेसच्या गटांवर नजर ठेवायच्या सोयीवर. दोन्ही 2005 ची, आणि दोघांनीही शेजाऱ्याची सोय बघितली नाही. तुम्हीही दोन फाइली ठेवा आणि साहेबाला सांगा, की देखभाल दुप्पट होत नाही, उलट निम्मी होते.

हां, एक राहिलं. रनिट, एस6, ओपनआरसी ही सर्व्हिस उठवणारी साधनं लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोन्हींवर चालतात. रनिट तर वर्करचा बाप होऊनच बसतं, त्यामुळे पोर मेलं की त्याला थेट कळतं, पीआयडी फाइलची भानगडच नाही. फक्त वर्करने स्वतःहून बॅकग्राउंडला जायचं नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर "लिहिलंय की" असंही आहे. सरांनी त्या दिवशी रनिटचं नाव घेतलं असतं तर मी निमूट ऐकलं असतं. घेतलं नाही.