काकांना एचआयव्ही आहे, १६ वर्षं एआरटीवर म्हणजे विषाणू दाबणाऱ्या गोळ्यांवर आहेत, हल्ली विसरतात. रोग मेंदूत शिरला का?

शिरतो तो फार आधीच, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच. म्हणून आता नव्याने धसका घेऊ नका. मी चिकोडीकडे समुपदेशक होतो, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारायचंच.

एचआयव्ही चेतापेशींना सहसा धरत नाही. तो बसतो मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूच्या जागल्यांत. हे जागले बिथरले की सतत दाह करणारी रसायनं सोडतात. त्यात आणखी एक भानगड होते. चेतापेशी निरोप द्यायला ग्लुटामेट वापरतात. निरोप पोचला की ते उचलायचं काम शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींचं. दाहामुळे त्या ढिल्या पडतात, ग्लुटामेट तिथंच रेंगाळतं, चेतापेशीत नको तितकं कॅल्शियम घुसतं आणि तिच्या फांद्या झडायला लागतात. पेशी जिवंत असते, पण निरोप उशिरा पोचतो.

आता काकांचं वय ६१. विषाणू नसलेल्या माणसाचेही जागले या वयात चिडचिडे होतात, पेशींना ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया थकतात. काकांच्या डोक्यात दोन्ही एकावर एक आलंय. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नसला तरी दाहाची थोडी धग राहते. गोळ्यांनी ती पुष्कळ दबलीय, तेव्हा 'गोळ्यांनीच डोकं बिघडलं' असं कोणी सांगितलं तरी परस्पर बंद करू नका.

आठवण करून दिल्यावर त्यांना आठवतं का, हे बघा. एचआयव्हीमुळे आलेल्या विसराळूपणात बहुधा आठवतं, फक्त वेळ लागतो. आणि सगळं खापर एचआयव्हीवर फोडण्याआधी बी-१२, थायरॉईड, साखर, बीपी तपासा. उदासपणाही विचारा, आपल्याकडची माणसं तो सांगत नाहीत. डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीची गोळी चालू असेल तर ॲसिडिटीचं औषध, लोह, कॅल्शियम, मेटफॉर्मिन घेतात का तेही डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट मात्र हट्टाने करा. स्मरणशक्तीची चाचणी मराठीत घ्यायला लावा. शंभरातून सात-सात वजा करा, हे कन्नडमध्ये विचारलं तर कर्नाटकातल्या निपाणीत राहून जन्मभर मराठीत हिशेब केलेला माणूस अडखळणारच, आणि कागदावर तो विसराळू ठरतो. काकूंना आजार माहीत असेल तर त्यांनाच सोबत न्या. काका नेमकं काय विसरतात, हे त्या तुमच्यापेक्षा बरोबर सांगतील.