गॅलन म्हणजे नक्की किती लिटर?

प्रश्न: फिश टँक घेतलाय, खोक्यावर 20 गॅलन लिहिलंय आणि माशांच्या औषधाचा डोस मात्र लिटरवर दिलाय. मी आपलं साडेचारने गुणलं तर 90 लिटर आले, मुलीने मोबाईलवर काढले तर 75.7. बरोबर कोण?

उत्तर: दोघंही, आणि घोळ तिथेच आहे! गॅलन दोन प्रकारचं असतं. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचं, अमेरिकन 3.785 चं. अमेरिकेने जुनं वाइन मोजायचं 231 घन इंचाचं गॅलन तसंच ठेवलं आणि ब्रिटिशांनी 1824 मधे कायदा करून नवीन ठरवलं, 10 पौंड पाणी मावेल एवढं, तेव्हापासून नाव एक आणि मापं दोन. तुमच्या खोक्यावर कुठलं ते छापलेलं नसणार, त्यामुळे सरळ टेप घ्या आणि काचेच्या आतून सेंटिमीटरमधे लांबी, रुंदी, उंची मोजा, तिन्हींचा गुणाकार करून 1000 ने भागा की लिटर आले. समजा 60, 30 आणि 42 भरलं तर 75.6 लिटर, म्हणजे अमेरिकन. तसं असेल तर 90 लिटरचा डोस जवळपास 19 टक्के जास्त होईल, माशांवर असला प्रयोग नको. त्यातही उंची काठापर्यंत धरू नका, पाणी जिथवर भरता तिथवरच धरा, शिवाय खडी-दगडांची जागा वजा करा, कारण औषध पाण्यात घालायचंय, टाकीत नाही.

तोंडी करायचं तर अमेरिकन गॅलनला 4 ने गुणा आणि आलेल्याचा विसावा भाग कमी करा, 20 चे 80, वजा 4, झाले 76. ब्रिटिशला तुमचं साडेचार ठीकच आहे.

प्रश्न: रेसिपीत क्वार्ट, पाइंट, औंस असं काय काय असतं, त्याचं काय करायचं?

उत्तर: रेसिपी अमेरिकन असेल तर क्वार्ट 946 मिली, सूपबिपला लिटर धरलात तरी काही बिघडत नाही. पाइंट 473 मिली, ब्रिटिश असेल तर 568. गंमत म्हणजे औंसाचं उलटं आहे, अमेरिकन 29.6 मिली आणि ब्रिटिश 28.4, कारण त्यांच्या गॅलनमधे औंस 160 आणि अमेरिकन गॅलनमधे फक्त 128.

प्रश्न: गाडी 30 माइल्स पर गॅलन देते म्हणजे लिटरला किती?

उत्तर: अमेरिकन आकडा असेल तर पावणेतेरा किलोमीटर, ब्रिटिश असेल तर साडेदहाच्या जरा वर. म्हणून दोन देशांतले रिव्ह्यू शेजारी ठेवून मायलेज कंपेअर करू नका, तीच गाडी ब्रिटिश आकड्यात उगाच भारी दिसते.