रात्रीच्या खाण्याची सुरुवात सकाळी होते

‘माझा मनावर ताबाच राहत नाही,’ हे वाक्य समुपदेशक म्हणून काम करताना मी विद्यार्थिनींकडून ऐकले आहे, निवृत्त गृहस्थांकडून ऐकले आहे आणि दिवसभर इतरांना शिस्त लावणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनही ऐकले आहे. तक्रार सर्वांची सारखीच असते. भूक नसताना, बहुधा रात्री आणि एकट्याने, भराभर खाल्ले जाते. पोटाला तडस लागेपर्यंत हात थांबत नाही आणि मग स्वतःचीच किळस येते. यावर आम्हांला इच्छाशक्ती वाढवून द्या, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. माझे उत्तर मी एका बाईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई पस्तिशीच्या, कामात चोख आणि स्वतःबद्दल बोलताना विलक्षण कठोर होत्या. त्या दुपारी उशिरा आल्या होत्या, म्हणून मी सहज विचारले, ‘आज सकाळपासून काय खाल्लेत?’

‘काहीच नाही. काल रात्री एवढे खाल्ल्यावर आज खाण्याचा मला हक्क नाही.’

‘आणि आज रात्री काय होईल?’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ‘तेच होईल,’ त्या म्हणाल्या.

या चक्रात आपण इच्छाशक्ती कमी पडते असे समजतो, पण मला तर ती गरजेपेक्षा जास्त वापरलेली दिसते. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. मनाने धडधाकट म्हणून निवडलेले हे तरुण पुढे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती वाचत बसू लागले, आणि पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही त्यांच्यापैकी काहींना पोट भरल्याची जाणीव होईना. हा प्रयोग मी बाईंना सविस्तर सांगितला, कारण आपल्या शरीराने केलेली मागणी हा आपल्या स्वभावातला दोष नव्हे, हे एकदा पटले की निम्मी लाज गळून पडते, आणि लाज कमी झाल्याशिवाय खरे बोलणे सुरूच होत नाही असा माझा अनुभव आहे.

म्हणून पहिले पाऊल त्यांना अगदी उलटे वाटले. रात्री काहीही झालेले असो, सकाळी खायचे आणि मग दिवसभर तीन-चार तासांच्या अंतराने, भुकेची वाट न पाहता खायचे; वजन आठवड्यातून एकदाच करायचे. त्यांना भीती वाटली, तरी त्यांनी ते निष्ठेने केले. काही आठवड्यांत वाईट रात्री बऱ्याच विरळ झाल्या, पण पूर्णपणे थांबल्या नाहीत, आणि या उरलेल्या रात्रींमध्येच खरी गोष्ट दडलेली होती.

मी त्यांना वही ठेवायला सांगितली होती. आता त्यात काय खाल्ले यापेक्षा खाण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले, ते लिहायला सांगितले. राग, दुःख, एकटेपणा असे काही सापडेल अशी त्यांची अटकळ होती. पानांवर मात्र तसे काहीच नव्हते. होती ती कामे: कोणाचा फोन, कोणाचे औषध, कोणाची उद्याची तयारी. त्यांनी ती पाने मला वाचून दाखवली आणि मध्येच थांबल्या.

‘मी खात असते तेव्हा माझ्याकडे कोणी काही मागत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो.’

अशा वेळी समुपदेशकाने लगेच अर्थ सांगायला धावू नये, असे मी मानते. मी काही बोलले नाही. त्या रडल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, ‘मला खायचे नसतेच. मला बसायचे असते.’ हे वाक्य मी सुचवले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरल्या असत्या. ते त्यांचे त्यांना सापडले, आणि ते सापडेपर्यंत धीराने सोबत राहणे हाच मला माझ्या कामाचा गाभा वाटतो. मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुक यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते की काही माणसांना भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक ओळखता येत नाही. बाईंच्या बाबतीत थकव्याने भुकेचे रूप घेतले होते.

त्यानंतर त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगून रात्री अर्धा तास स्वतःसाठी राखून ठेवला. ते सोपे गेले नाही. घरात नाराजी झाली. मधे एकदा घसरणही झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा नाश्ता केला. सुधारणेची माझी खूण हीच आहे.

मन दुखावल्यावर कधीतरी चार घास जास्त खाणे हा आजार नाही. थोड्या वेळात खूप खाणे, त्यावर अजिबात ताबा नसल्याची जाणीव, सोबत तीव्र मनस्ताप, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू असणे, असे असेल तर त्याला अतिभक्षण विकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2013 पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. तो पुरुषांनाही होतो आणि केवळ वजनावरून ओळखता येत नाही. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे किंवा प्रमाणाबाहेर व्यायाम करणे हे बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या एका विकाराचे लक्षण असू शकते. सततच्या उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून अशा व्यक्तीने माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येण्याबरोबरच डॉक्टरांकडून तपासणी करून घेतलीच पाहिजे. वजन झपाट्याने उतरत असेल, चक्कर येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, आणि घरच्यांनी ताटातल्या घासांवर टिप्पणी न करता सोबत जावे.